नरकासुराच्या स्पर्धा : वादाची पार्श्वभूमी

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यातील वाड्यावाड्यांवर उभ्या राहणाऱ्या नरकासुराच्या प्रतिमांविषयी दरवर्षी एकच आक्षेप घेतला जातो : ज्याचा वध साजरा करायचा त्याचाच थाटमाट होतो आणि श्रीकृष्ण बाजूला पडतो. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र असुराचे आकर्षण ही अलीकडची विकृती आहे, हे त्यामागचे गृहीतक गोव्याच्या उत्सवी रंगपरंपरेशी जुळत नाही.

सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतील देवळे पाडली गेली व हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर बंदी आली. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे भाग अठराव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेले, तेव्हा तेथील देवस्थाने टिकून राहिली आणि त्यांच्या आधाराने जत्रांतील खेळही टिकले. दशावतारी काल्यात, म्हणजे जत्रेत रात्री होणाऱ्या नाट्यखेळात, वेद पळवणारा संकासुर काळ्या वेशात, लोंबत्या तांबड्या जिभेने येतो, सूत्रधाराशी बोलीत हुज्जत घालतो, नाचतो आणि हसवतो. मुले त्याला घाबरतात आणि त्याचीच वाटही पाहतात. तरीही त्याच रात्री, त्याच प्रेक्षकांसमोर विष्णूच्या हातून त्याचा अंत होतो. घरगुती विधीत तर असुराला एवढीही जागा नाही : अभ्यंगस्नानाच्या वेळी तुळशीसमोर पायाच्या अंगठ्याने चिरडायचे कडू कारीट, एवढेच त्याचे रूप.

पुढे १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर धार्मिक बंधने सैल झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतर सण पूर्णपणे रस्त्यावर आले. बांबू, गवत आणि रद्दी कागद यांची, पोटात फटाके भरलेली प्रतिमा वाड्यावरची मुले करीत. गेल्या काही दशकांत तिला स्पर्धेची, रोख बक्षिसांची आणि राजकीय आश्रयाची जोड मिळाली, आणि खरा गुंता येथूनच सुरू झाला.

परीक्षक रात्रभर फिरतात. दहन पहाटे होते. म्हणजे बहुतेक ठिकाणी गुण दिले जातात ते उभ्या असुराला : त्याची उंची, चेहरा, हलणारे हात, डोळ्यांतले दिवे यांना. वध होतो तेव्हा परीक्षक पुढे गेलेले असतात, अनेकदा निकालही ठरलेला असतो. एकदा मोजमाप असे ठरले की मंडळांचा पैसा आणि मेहनत कोठे जाणार, हे वेगळे सांगावे लागत नाही. लोखंडी सांगाडे, थर्माकोल आणि यंत्रांची हालचाल त्यातूनच आली, आणि कथेचा कळस शेवटच्या घाईत उरकला जाऊ लागला. या मुलांना असुरपूजक म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांतील अनेकांचे हात शिगम्याच्या चित्ररथांवरही राबतात आणि त्यांचे कसब गोव्याने जपावे असेच आहे. दोष नियमपत्रिकेचा आहे आणि तो दुरुस्त होऊ शकतो. काही आयोजकांनी श्रीकृष्णाची भूमिका अनिवार्य केली आहे. हे पाऊल योग्य आहे, पण पुरेसे नाही, कारण मुकुट घातलेला मुलगा प्रतिमेच्या पायाशी उभा केला की ती अट कागदावर पूर्ण होते. नरकासुर वगळून केवळ श्रीकृष्णाची स्पर्धा घ्यावी, ही दुसऱ्या टोकाची मागणीही होते. पण प्रतिपक्षच नसेल तर वधाचा प्रसंग उभा राहणार कसा? काल्याने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे : असुराला हवी तेवढी जागा द्यावी, मात्र त्याचा शेवट प्रेक्षकांसमोर व्हावा. गुणांचा मोठा वाटा वधाच्या सादरीकरणाला दिला आणि परीक्षण दहनापर्यंत चालू ठेवले, तर स्पर्धाही राहील आणि कथाही.

याला वेळेची अडचण आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २००५ च्या निकालाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाच्या फटाक्यांनाही मनाई केली. दहनाची परंपरागत वेळ सूर्योदयापूर्वीची, म्हणजे नेमकी या मुदतीतली आहे. रात्रभर वाजणाऱ्या ध्वनिवर्धकांचा विधीशी काहीही संबंध नाही आणि ते बंद व्हायलाच हवेत. फटाके न भरता केवळ गवताची प्रतिमा जाळण्यास मात्र या निकालाची आडकाठी येत नाही, आणि जुने कारागीर आज पुन्हा गवताचाच आग्रह धरतात त्यामागे दहनानंतर रस्त्यावर उरणाऱ्या लोखंडी सांगाड्यांचेही कारण आहे.