'जंबो' या शब्दामागचा हत्ती

अवाढव्य आकारासाठी इंग्रजीत रूढ असलेला 'जंबो' हा शब्द जगभर पसरला तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एका आफ्रिकी हत्तीमुळे. हत्तीला हे नाव कशावरून पडले, याबद्दल मात्र एकमत नाही. स्वाहिली भाषेत अभिवादनासाठी वापरला जाणारा 'जांबो' किंवा गावप्रमुखासाठीचा 'जुंबे' यांच्याशी त्याचे नाते अनेकदा जोडले जाते. पण या हत्तीच्या जन्माआधीच, 1823 मध्ये, धिप्पाड आणि बेंगरूळ माणसाला इंग्रजी बोलीत 'जंबो' म्हटले जात असल्याची नोंद आढळते. तेव्हा शब्द जुना, त्याला कीर्ती मिळाली ती हत्तीमुळे, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

हे पिल्लू 1860 नंतर लवकरच सुदान-अबिसीनियाच्या (आजचा इथिओपिया) परिसरात पकडले गेले आणि पॅरिसमार्गे जून 1865 मध्ये लंडनला पोहोचले, तेव्हा ते आजारी आणि खंगलेले होते. मॅथ्यू स्कॉट या माहुताने त्याची शुश्रूषा केली. पुढे त्याच्या पाठीवर बसून फेरी मारण्यासाठी मुलांची झुंबड उडू लागली. दिवसा शांत असणारा हा हत्ती रात्री मात्र बेभान होऊन भिंतींवर धडका देई, आणि त्यात त्याचे सुळेही मोडले. माजावर आलेला हत्ती एखाद्या दिवशी प्रेक्षकांवर उलटेल, या धास्तीने प्राणिसंग्रहालयाने 1882 मध्ये तो अमेरिकी सर्कसवाले पी. टी. बार्नम यांना 2,000 पौंडांना विकला.

या विक्रीवरून इंग्लंडमध्ये गहजब झाला. शाळकरी मुलांनी राणी व्हिक्टोरियाला पत्रे लिहिली, प्रकरण न्यायालयात गेले. बार्नम यांच्या दृष्टीने ही फुकटची जाहिरातच होती. एप्रिल 1882 मध्ये हत्ती न्यूयॉर्कला उतरला, तोवर त्याचे नाव दोन्ही देशांत सर्वतोमुखी झाले होते, आणि व्यापाऱ्यांनी ते आपल्या मालाला लावायला वेळ दवडला नाही. बार्नम त्याची उंची 13 फुटांच्या आसपास सांगत. प्रत्यक्षात ती साडेदहा-पावणेअकरा फूट असावी. म्हणजे या शब्दाला चिकटलेल्या भव्यतेत हत्तीइतकाच वाटा जाहिरातबाजीचाही आहे.

15 सप्टेंबर 1885 रोजी कॅनडातील सेंट थॉमस येथे मालगाडीच्या धडकेने जंबो मेला. पेंढा भरलेले त्याचे कातडे अनेक वर्षे अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात होते. 1975 च्या आगीत ते जळाले आणि त्याची थोडी राख शेंगदाण्याच्या लोण्याच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवण्यात आली.

शब्दाला दुसरी उभारी दिली ती विमानाने. फेब्रुवारी 1969 मध्ये पहिले उड्डाण करणाऱ्या बोइंग 747 ला 'जंबो जेट' हे नाव पडले, आणि 1971 मध्ये एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' आल्यावर ते आपल्याकडेही परिचित झाले. मराठीत या शब्दाचा रोख संदर्भानुसार बदलतो. 2020 मध्ये मुंबई-पुण्यात उभारलेल्या 'जंबो कोविड सेंटर'मध्ये तो केवळ क्षमता सांगत होता, तर 'जंबो मंत्रिमंडळ' म्हणताना त्यात टोमणा असतो. मुंबईच्या लोकल प्रवाशांना तो रविवारच्या वेळापत्रकातूनच ठाऊक असतो: रुळांच्या देखभालीसाठी मध्य रेल्वे घेते तो 'मेगाब्लॉक', आणि पश्चिम रेल्वे घेते तो 'जंबो ब्लॉक'.