सिक्युअर बूट : डेस्कटॉप संगणकावरील अडचणी व निवारण

सिक्युअर बूट : संगणक सुरू होताना मदरबोर्डवरील यूईएफआय फर्मवेअर (जुन्या बायोसच्या जागी आलेला, संगणक सुरू करणारा अंगभूत प्रोग्रॅम) ज्या ज्या प्रोग्रॅमच्या हाती ताबा देते, त्याची डिजिटल सही आधी तपासण्याची पद्धत. सही पटली नाही तर तो प्रोग्रॅम चालत नाही. टीपीएम या मदरबोर्डवरील सुरक्षा-चिपच्या मदतीने होणारे ‘मेझर्ड बूट’ यापेक्षा वेगळे आहे. त्यात काय चालले याची फक्त नोंद राहते, कोणालाही अडवले जात नाही. या दोहोंची गल्लत फार होते आणि भलत्याच ठिकाणी दुरुस्ती शोधण्यात वेळ जातो.

या कल्पनेचा उगम नेमका कुठे मानायचा याबद्दल एकमत नाही. आर्बो, फार्बर आणि स्मिथ यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या ‘एजिस’ रचनेत पीसीच्या बायोसपासून प्रत्येक टप्प्याने पुढच्या टप्प्याची सही पडताळायची, हे तत्त्व स्पष्ट दिसते. काही जण यूईएफआय मानकाच्या २.२ आवृत्तीतील (सुमारे २००८) सुरक्षाविषयक भर हा आरंभ धरतात. मात्र आज फर्मवेअरच्या सेटअपमध्ये (सेटिंग्जच्या पडद्यावर) दिसणारी, सही पडताळणाऱ्या डिजिटल किल्ल्यांची रचना २.३.१ आवृत्तीच्या (२०११) आधाराने रूढ झाली. ती घरोघरी पोहोचली २०१२ मध्ये, विंडोज ८ सोबत विकल्या गेलेल्या संगणकांमुळे. त्यामुळे २.३.१ हाच व्यवहारातला आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

किल्ल्यांची उतरंड चार भागांची असते. सर्वांत वर पीके म्हणजे प्लॅटफॉर्म की. ती एकच असते आणि सहसा मदरबोर्ड उत्पादकाची असते. तिच्याखाली केईके म्हणजे की एक्स्चेंज की. या किल्लीच्या मालकाला पुढील दोन याद्या बदलता येतात. ‘डीबी’ ही मान्य प्रमाणपत्रांची व प्रोग्रॅमच्या डिजिटल ठशांची (हॅश) यादी, तर ‘डीबीएक्स’ ही बाद केलेल्यांची. दोन्हींत नाव असेल तर डीबीएक्सचा शब्द अखेरचा. पीके नसेल तर फर्मवेअर ‘सेटअप मोड’मध्ये राहते आणि सही तपासतच नाही.

सेटअपमध्ये ‘एनेबल्ड’ आणि शेजारी ‘नॉट ॲक्टिव्ह’ दिसते, त्याचे नेहमीचे कारण हेच. पर्याय चालू आहे, पण किल्ल्याच भरलेल्या नाहीत. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून सेटअप उघडावे, सिक्युअर बूटच्या पानावर फॅक्टरी किंवा डीफॉल्ट कीज भरण्याचा पर्याय निवडावा, एफ१० ने जतन करून संगणक पुन्हा सुरू करावा. पर्याय फिकट दिसत असेल, तर काही बोर्डांवर मोड ‘स्टँडर्ड’वरून ‘कस्टम’ करावा लागतो व किल्ल्या भरल्यावर परत ‘स्टँडर्ड’. खातरजमा सेटअपमध्ये न करता विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये करावी : ‘बायोस मोड’पुढे यूईएफआय आणि ‘सिक्युअर बूट स्टेट’पुढे ऑन.

तिथे ‘लेगसी’ दिसले तर मूळ अडचण डिस्कची आहे. विंडोज डिस्कचे भाग नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असून सीएसएम या, जुन्या बायोससारखे वागणाऱ्या सुसंगतता-थरामार्फत सुरू होत आहे. सीएसएम चालू असताना सिक्युअर बूट चालत नाही. इथे क्रम चुकला की संगणक सुरूच होत नाही. आधी सीएसएम बंद केले तर फर्मवेअरला त्या डिस्कवर बूट करण्याजोगे काही सापडत नाही आणि वापरणारा पुन्हा सेटअपमध्येच येऊन पडतो. म्हणून प्रथम सर्व फाइलींची प्रत घ्यावी, बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे कूटबद्धीकरण) असल्यास तात्पुरते स्थगित करावे, मग डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारे विंडोजमधील एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आधी फक्त तपासणीसाठी चालवावे. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा एखादे एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर ते रूपांतरास नकार देते. तपासणी पार पडली की रूपांतर, त्यानंतर सीएसएम बंद, आणि सर्वांत शेवटी सिक्युअर बूट चालू.

सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहिला तर संशय ग्राफिक्स कार्डावर घ्यावा. जुन्या कार्डांच्या रॉममध्ये पडद्यावर चित्र दाखवण्यासाठी यूईएफआयला लागणारा जीओपी ड्रायव्हर नसतो. मॉनिटरची केबल प्रोसेसरच्या अंतर्गत ग्राफिक्सच्या पोर्टात लावून पाहावी. तेही नसेल तर वीज पूर्ण तोडून मदरबोर्डवरील जंपरने सीएमओएस क्लिअर करावे, म्हणजे सेटअपमधील निवडी मूळ स्थितीत येतात.

बिटलॉकर स्थगित न करता यातले काही बदलले, तर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. टीपीएमने सिक्युअर बूटच्या स्थितीची नोंद ठेवलेली असते. ती जुळत नाही. ही की हाताशी असल्याखेरीज सेटअपला हातच लावू नये.

लिनक्सवर फर्मवेअर प्रथम ‘शिम’ हा छोटा लोडर तपासते आणि शिम पुढच्यांची सही पाहतो. बाहेरून बांधलेल्या कर्नल मॉड्यूलवर (लिनक्सच्या गाभ्याला जोडल्या जाणाऱ्या भागावर) सही नसते, म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हर लोड होत नाही. यावर उपाय म्हणजे स्वतःची किल्ली, अर्थात एमओके (मशीन ओनर की). मोकयुटिल या लिनक्समधील आज्ञेने ती नोंदवताना तात्पुरता पासवर्ड ठरवावा लागतो. पुढच्या बूटला निळा पडदा येऊन सुमारे १० सेकंद थांबतो. तेवढ्यात कळ दाबून ‘एनरोल एमओके’ निवडावे. ती वेळ हुकली तर नोंदणी पहिल्यापासून करावी लागते.

डीबीएक्सची कथा २०२० मध्ये ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरमध्ये सापडलेल्या बूटहोल दोषापासून बदलली. ग्रबच्या असंख्य प्रती एकेक करून बाद करणे जड जाऊ लागले, म्हणून ठरावीक पिढीक्रमांकाच्या आधीचे लोडर एकगठ्ठा नाकारणारी एसबॅट पद्धत आली. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने हा किमान क्रमांक वाढवला आणि दुहेरी बूट (विंडोज व लिनक्स दोन्ही) असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ म्हणून अडले. अशा वेळी सिक्युअर बूट बंद करून लिनक्समध्ये जावे, शिम व ग्रब अद्ययावत करावेत आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करावे. कायमचे बंद ठेवणे हा उपाय नव्हे. बूटकिट (संगणक सुरू होतानाच शिरणारे घातक प्रोग्रॅम) रोखण्याचे जे काम या पद्धतीकडे आहे, तेच त्यामुळे सोडून दिले जाते. जुने इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हही याच कारणाने नाकारले जातात, तेव्हा ते नव्याने बनवावेत.

२०११ च्या मायक्रोसॉफ्ट प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते. मुदत संपताच संगणक बंद पडतील ही समजूत बरोबर नाही. आधी सही झालेले लोडर सहसा चालत राहतात, कारण फर्मवेअर साधारणपणे मुदतीची तारीख पाहत नाही. थांबतात ती बूटच्या भागांची नवी सुरक्षा-अपडेट. खरा धोका दुसरीकडे आहे : डीबीमध्ये २०२३ ची प्रमाणपत्रे येऊन विंडोज सुरू करणारा बूट मॅनेजर नव्या सहीचा झाल्यावर जुन्या फर्मवेअरवर फॅक्टरी कीज परत भरल्या, तर नवे प्रमाणपत्र यादीतून जाते आणि विंडोजच नाकारले जाते. म्हणून आधी फर्मवेअर अद्ययावत करावे, मगच किल्ल्या भराव्यात. चूक होऊन गेली असेल तर सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून विंडोज सुरू करावे व ते प्रमाणपत्र पुन्हा नोंदवून घ्यावे.