‘मेलेला तेवढा एक सेल बदलून द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकांसाठी

कॉर्डलेस ड्रिल, ग्राइंडर, इम्पॅक्ट ड्रायव्हरचे बॅटरी पॅक आमच्याकडे दोन तऱ्हांनी येतात. काही नुसतेच बंद पडलेले, तर काही घरी उघडून, एखादा सेल बदलून, पुन्हा स्क्रू आवळून आणलेले. पहिल्या प्रकाराचं काम सरळ होतं. दुसऱ्यात आधी केलेलं उकलण्यातच निम्मा वेळ जातो आणि सोबत ठरलेली तक्रार असते: ‘नवा सेल टाकला, तरी दोन मिनिटांत बसतोय. सर्किट (पॅकमधला सेलवर नजर ठेवणारा बोर्ड) गेलं असणार.’ बहुतेक वेळा सर्किट धडधाकट असतं.

घरी पॅक उघडू नका, असं आमचं म्हणणं नाही. नीट हात बसलेले बरेच जण सेल आणि ते जोडणारी पट्टी आमच्याकडून नेऊन स्वतः काम करतात. फक्त एक सेल बदलण्याचा मोह टाळा, एवढंच सांगणं आहे.

साधा 18 व्होल्टचा पॅक घ्या. त्यात 3.6 व्होल्टचे पाच सेल एकामागोमाग जोडलेले असतात; मोठ्या पॅकमध्ये पाच जोड्या. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल 4.2 वर, म्हणजे एकूण 21 व्होल्ट. मल्टीमीटर लावल्यावर चार सेल 3.9 दाखवतात आणि एक 1.8. साहजिकच वाटतं, चोर सापडला. पण मीटर सेलला कामाला लावत नाही, तो बसल्या जागी विचारपूस करतो. जुन्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे आतूनच प्रवाहाला होणारा अडथळा, वाढून 60 मिलिओहम झाला असेल, तर ड्रिलने 20 अँपिअर ओढताच 1.2 व्होल्ट सेलच्या आतच खर्ची पडतात. मीटरवर 3.9 दाखवणारा सेल भाराखाली 2.7 वर येतो. टूलसाठी बनवलेल्या चांगल्या नव्या सेलचा रोध साधारण 20 मिलिओहमच्या आसपास असतो. म्हणजे एक तगडा आणि चार दमलेले. पण प्रवाह पाचांतून सारखाच जाणार, आणि पहिला दमलेला थांबला की पॅक थांबला. नव्या सेलमधलं उरलेलं चार्जिंग तसंच पडून राहतं.

चार्जिंगला लावल्यावर तर आणखी गंमत. नवा सेल बहुधा अर्धवट चार्ज होऊन येतो आणि तसाच बसवला जातो. जुने चार वरपर्यंत पोचतात, तेव्हा नवा मागेच असतो. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट असेल तर चार्जिंग तिथेच तुटतं आणि पॅक अर्धाच भरतो. नुसती बेरीज बघणारं असेल तर चार सेल 4.3 वर आणि नवा 3.8 वर, एकूण बरोबर 21! चार्जरचा हिरवा दिवा लागतो आणि चार सेल मर्यादेच्या वर चढलेले असतात. सेल तापतात, फुटतात, आग लागते ती अशाच हयगयीतून.

म्हणून आम्ही पूर्ण संच बदलतो, तोही एकाच प्रकारचा, व्होल्टेज आणि रोध जुळवून. ‘जास्त सेल खपवायचे असतात’ असं कुणी म्हणतं; म्हणू दे. अर्धवट बदललेला पॅक परत आमच्याच टेबलावर येतो. अपवादही आहेत. पॅक नवा असेल आणि फक्त वेल्ड (सेल आणि पट्टीचा सांधा) सुटला असेल, तर वेल्ड मारून देतो. काही पॅकमध्ये सर्किट एकाच सेलवर चालतं. पॅक महिनोन्महिने पडून राहिला की तोच सेल रिकामा होतो. बाकीचे भाराखाली चांगले निघाले, तर तेवढा एकच सेल बदला, असं आम्हीच सांगतो. मात्र फार खाली गेलेला सेल दुसऱ्या बॅटरीने ‘उठवून’ वापरू नका. आत तांबं विरघळून नंतर शॉर्ट होऊ शकतो.

सेल निवडताना एमएएचच्या, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याच्या, आकड्याला भुलू नका. 18650 मापाच्या (18 मिमी व्यास, 65 मिमी लांबी) सेलवर 9900 छापलेलं असेल, तर तो खोटा. चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्येही साधारण 3500 च्या आसपासच मिळतं. टूलला 2000 ते 2500 चा, पण 20 अँपिअरच्या पुढे सलग देऊ शकणारा सेल हवा. लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले इथे टिकत नाहीत.

सेलवर थेट सोल्डर नको. आयर्नचं टोक 350 अंशांच्या घरात असतं आणि आतला प्लास्टिकचा पडदा 130 च्या आसपासच वितळू लागतो. सेल त्या दिवशी चालेलही, पुढे दगा देईल. स्पॉट वेल्डरच हवा, आणि शुद्ध निकेलची पट्टी. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टीही निकेल म्हणून विकली जाते; ओरखडा काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, गंज दिसला की कळेल. पट्टी लावण्याआधी पॉझिटिव्ह टोकाला कागदी रिंग घाला, कारण सेलचा बाकी सगळा पत्रा, अगदी खांद्यापर्यंत, निगेटिव्ह असतो.

वेल्डर नसेल तर सेल जुळवून, वेल्ड मारून नुसता गाभा आम्ही देतो. सर्किट तुम्ही जोडा. सेलपासून सर्किटला जाणाऱ्या बारीक तारा कापण्याआधी फोटो काढा, त्यांचा क्रम चुकला तर मात्र सर्किट खरंच जातं.

पॅक आणताना टर्मिनलवर चिकटपट्टी लावा. फुगलेला, गळणारा किंवा वास येणारा पॅक आणण्याआधी विचारा. आणि चार्जरही सोबत घेऊन या. पॅक आणि चार्जर एकत्रच तपासावे लागतात.