रेशमाचा धागा तुटला तेव्हा

शाळेच्या वहीत दोन रकाने असतात, सुवाहक आणि दुर्वाहक. तांबं, लोखंड इकडे. काच, रबर तिकडे. पहिल्यांदा हे रकाने पडले ते एका तुटलेल्या धाग्यामुळे.

1729 चा जुलै. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात ग्रॅनव्हिल व्हीलर यांच्या घरी स्टीफन ग्रे काचेची नळी घासून तिची वीज लांब न्यायच्या खटपटीत होते. ग्रे मूळचे रंगारी, वय साठीपलीकडे. सुतळीच्या टोकाला हस्तिदंती गोळा, गोळ्याखाली पितळेचा वर्ख. वर्ख उडाला, की समजायचं वीज पोचली. सुतळी आडवी न्यायची तर आधार हवा, आणि जाड आधारातून वीज गळेल ही धास्ती. म्हणून व्हीलर यांनी बारीक रेशमी धागे सुचवले. जमलं! पुढे सुतळी लांबत गेली, भार वाढला आणि रेशीम तुटलं. त्याजागी तशीच बारीक पण मजबूत पितळी तार लावली, तर वर्ख ढिम्म हलेना. सगळी वीज तारेवाटे पसार. म्हणजे प्रश्न जाडीचा नव्हताच, धागा कशाचा आहे याचा होता. (खुद्द सुतळीही काही फार चांगली वाहक नाही, तिच्यातला ओलावा कामी आला.)

रकाने पडले, पण सगळंच त्यांत बसेना. 1833 मध्ये मायकेल फॅरडे यांनी सिल्व्हर सल्फाइड तापवलं, तर त्याची वहनक्षमता वाढली. धातू तापला की ती घटते, इथे उलटंच. 1874 मध्ये फर्डिनांड ब्राउन यांना काही सल्फाइड खनिजांत वीज एका दिशेने सहज, दुसरीने अडखळत जाताना दिसली. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या सल्फाइड खनिजाच्या स्फटिकाने विद्युतलहरी टिपल्या. त्याचं अमेरिकी पेटंट 1904 चं. हे सारं घडलं तेव्हा कारण कुणालाच सांगता येत नव्हतं.

ते सांगितलं 1931 मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ॲलन विल्सन यांनी, पुंजभौतिकीच्या, म्हणजे अणूंच्या पातळीवरच्या भौतिकीच्या आधाराने. घन पदार्थात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे पट्टे असतात. पट्टा काठोकाठ भरलेला असेल तर इलेक्ट्रॉनांना सरकायला जागाच नाही. धातूत तो अर्धवट भरलेला तरी असतो, नाहीतर शेजारच्या पट्ट्यावर चढलेला. एरवी वरच्या रिकाम्या पट्ट्यात उडी मारावी लागते, आणि ती उडी केवढी यावर सगळं ठरतं. हिरा आणि सिलिकॉन यांची स्फटिकरचना एकच. पण हिऱ्यात ही दरी सुमारे 5.5 इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक), सिलिकॉनमध्ये जेमतेम 1.1. म्हणून हिरा दुर्वाहकांच्या रकान्यात, आणि सिलिकॉन दोन्ही रकान्यांच्या मधोमध, अर्धवाहक.