गवताच्या मुळांवर उभी राहिलेली वस्ती

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या कस्टर कौंटीत (म्हणजे जिल्ह्यात) 1880 च्या दशकात काढलेल्या एका छायाचित्रात एक कुटुंब उघड्या अंगणात, गुरांच्या शेजारी, आपला पायपेटी-ऑर्गन मांडून उभे आहे. घरातील स्त्रियांना पूर्वेकडच्या नातलगांना ऑर्गन तर दाखवायचा होता, पण मातीचे घर दिसू द्यायचे नव्हते. म्हणून छायाचित्रापुरते ते जड वाद्य ओढत बाहेर आणावे लागले. हे छायाचित्र टिपणारे सॉलोमन बुचर 1880 मध्ये येथे आले आणि 1886 पासून गाडीतून फिरून त्यांनी या वस्तीची हजारो छायाचित्रे घेतली. 1899 मध्ये त्यांचे घर जळाले. काचेवरच्या निगेटिव्ह मात्र धान्याच्या कोठारात असल्यामुळे वाचल्या.

ज्या घराची त्या स्त्रियांना लाज वाटत होती, ते बांधकामाच्या दृष्टीने मोठे हुशारीचे होते. 1862 च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला 160 एकर मिळत. एकवीस वर्षांवरील अविवाहित स्त्रीलाही हा हक्क होता. परंतु या माळावर लाकूड जवळजवळ नव्हतेच. घळींत थोडेफार सीडर असे, ते आढ्याला लागे. मग भिंती कशाच्या? प्रेअरीवरील, म्हणजे या गवताळ माळावरील, ब्लूस्टेमसारख्या गवतांची मुळे दोन मीटर किंवा त्याहूनही खोल जातात, आणि वरच्या काही इंचांत तर त्यांचे इतके दाट जाळे असते की माती जणू विणलेलीच असते. खास नांगराने साधारण फूटभर रुंद आणि तीन-चार इंच जाड पट्टे कापायचे, कुदळीने त्यांच्या तीन फुटी लाद्या पाडायच्या आणि गवताची बाजू खाली करून त्या विटांसारख्या सांधे मोडत रचायच्या, अशी ही पद्धत होती. सोळा बाय वीस फुटांच्या घराला सुमारे एक एकराची माती लागे आणि त्याचे वजन नव्वद टनांच्या आसपास भरे. लोक थट्टेने या लाद्यांना ‘नेब्रास्काचा संगमरवर’ म्हणत.

दोन-तीन फूट जाडीच्या भिंतींमुळे उन्हाळ्यात आत गारवा आणि हिवाळ्यात ऊब राही. छपराची गोष्ट वेगळी होती. माळवदाच्या घरात पावसाळा काढलेल्या आपल्याकडच्या माणसाला ती सांगायला नको: बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला थांबत नसे, आणि कोरड्या दिवसांत वरून माती व किडे पडत, म्हणून छपराखाली मांजरपाट ताणून बांधत. जळणही लाकडाचे नसे. गुरांचे वाळलेले शेण आणि मक्याची रिकामी कणसे चुलीत जात.

ही जमीन काही रिकामी नव्हती. येथे पॉनी या मूळ अमेरिकी जमातीचे लोक रानरेड्यांची शिकार करत. प्लॅट नदीच्या उत्तरेकडील बराचसा मुलूख त्यांनी 1857 च्या तहान्वये सोडला आणि 1870 च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. त्यांच्यामागून गुरांचे मोठे मालक आले. कौंटी स्थापन झाली 1877 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी गुरेवाले व शेतकरी यांच्या वैरातून मिचेल व केचम या दोन शेतकऱ्यांना गुरेवाल्यांच्या टोळीने खटल्याविनाच फासावर लटकवले.

तरीही शेतकऱ्यांचा लोंढा थांबला नाही. 1880 मध्ये लोकसंख्या 2,211 होती, ती 1890 मध्ये 21,677 झाली. मध्यंतरी 1886 मध्ये ब्रोकन बो या मुख्य गावापर्यंत रेल्वेही पोहोचली. या उत्साहाला विज्ञानाचा आधार असल्याचे तेव्हा मानले जात होते. नेब्रास्का विद्यापीठातील सॅम्युअल ऑघी सांगत की नांगरलेली माती पाणी स्पंजासारखी शोषते, ते सावकाश वाफेने परत देते, आणि त्यामुळे पाऊस वाढतो. ती वर्षे योगायोगाने ओली होती, एवढाच त्याचा पुरावा. कौंटीच्या पश्चिम भागातून शंभरावे रेखावृत्त जाते. त्याच्या पश्चिमेला वर्षाला साधारण 50 सेंटिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो आणि निव्वळ पावसावरची शेती बेभरवशाची होते, हे भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी 1878 मध्येच लिहून ठेवले होते. 1890 आणि 1894 च्या दुष्काळांनी पॉवेल यांच्या बाजूने निकाल दिला आणि 1900 च्या जनगणनेत आकडा 19,758 वर आला.

अशा मुलखात शेजार म्हणजे मैलामैलांचे अंतर. त्यामुळे एका खोलीची शाळा हीच प्रार्थनेची, मतदानाची आणि वादसभेची जागा झाली. मळणीला गावकी एकत्र येई आणि नवे घर रचायलाही शेजारी आपले नांगर घेऊन येत. 1920 मध्ये लोकसंख्या 26,407 वर पोहोचली. पुढे ट्रॅक्टर आले, एकेका शेताचा पसारा वाढला, तेवढ्याच जमिनीला कमी माणसे पुरू लागली. 2020 मध्ये या साडेसहा हजारांहून अधिक चौरस किलोमीटरांवर 10,545 लोक होते. वायव्येकडील वाळूच्या टेकड्या नांगराला दाद देणाऱ्या नव्हत्याच. तेथे गवताची मुळे अजून वाळू धरून आहेत, आणि त्या गवतावर आजही गुरेच चरतात.