जोर हाताचा, फिरकी हवेची

ओळखीच्या गॅरेजात माझ्या गाडीचा आल्टरनेटर उतरवत होते, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मेकॅनिकने हवेचा रॅचेट, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर फिरणारा पाना उचलला, १२ नंबरची गोटी (सॉकेट) बोल्टवर बसवली, पण लिव्हर दाबलीच नाही. आधी मनगटाने दांडा ओढला. ‘टुक्’ झालं. मग लिव्हर दाबली आणि घर्रर्र करत बोल्ट बाहेर आला. कॉम्प्रेसर दिमतीला असताना हाताने कशाला ओढायचं?

बोल्ट आवळताना आपण जो पीळ देतो, त्यातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जिरतो आणि चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात. दोन भाग दाबून धरायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. सोडवताना हेच घर्षण आडवं येतं, त्यात गंजाची भर. पण डोकं थोडं हललं की दाब उतरतो आणि मग उरते ती नुसती फिरवाफिरवी.

जीव खाते ती हीच. ८ मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा सव्वा मिलिमीटरवर एक आटा असतो. २५ मिलिमीटर आटे सोडवायचे तर २० फेरे. इंजिनाच्या अडचणीत दांडा २० अंशच हलत असेल, तर हातरॅचेटचे ३६० हेलपाटे! हवेचा रॅचेट मिनिटाला २०० फेरे धरले तरी सहा सेकंदांत मोकळा.

त्याच्या दांड्यात एक छोटा दंडगोल असतो आणि त्यात मुद्दाम मध्यापासून बाजूला सरकवून बसवलेला रोटर. रोटरच्या खाचांत चार-पाच पात्या आत-बाहेर सरकतात. ९० पौंडांची हवा, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळजवळ तिप्पट, पात्यांना ढकलत प्रसरण पावते आणि बाहेर पडते. प्रसरणामुळे ती गार होते. म्हणून एक्झॉस्टपाशी हात धरला की गारवा लागतो. रोटर मिनिटाला हजारो फेरे घेतो, गिअर तो वेग उतरवतात, आणि पुढचा खटका दात्यांना पुढे ढकलत राहतो. सायकलचं पायडल उलटं मारताना टिकटिकतो, त्याच जातीचा खटका. बोल्ट अडला तर ही मोटर नुसती थांबते, विजेच्या मोटरसारखी जळत नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

मात्र ती थांबते तेव्हा न्यूटनचा तिसरा नियम हातावर येतो. मध्यम रॅचेटचा कमाल पीळ ६० न्यूटन-मीटर (हे पिळाचं एकक) आणि हाताची पकड २५ सेंटिमीटरवर धरली, तर दांडा सुमारे २४ किलोच्या जोराने उलटा फिरू पाहतो. शेजारी रेडिएटर असेल तर बोटं मध्ये सापडलीच. टायरवाल्याच्या इम्पॅक्ट गनमध्ये हे जाणवत नाही, कारण तिथे फिरता हातोडा वेग साठवून ठोके मारतो. हाताला फक्त थरथर येते. चाकाच्या नटांना शंभरेक न्यूटन-मीटर लागतात, तिथे तीच हवी. रॅचेटने चाक खोलायला जाऊ नये.

आणि आवळताना? ६ मिलिमीटरच्या साध्या बोल्टला १० न्यूटन-मीटर पुरतात. तिथे ६० लावले की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच समजा, नाहीतर बोल्टचं मुंडकं तुटून गोटीत येतं. म्हणून जाणता माणूस पहिले दोन-तीन फेरे बोटांनी देतो, मधले हवेने आणि शेवटचा टॉर्क पान्याने, म्हणजे पीळ मोजून देणाऱ्या पान्याने.

हवेसोबत पाणीही येतं. सात-आठपट दाबलेल्या हवेत बाष्प मावत नाही, ते टाकीत साचतं. पावसाळ्यात ही कटकट जास्त. पाणी रॅचेटमध्ये गेलं की गंज धरतो, पात्या अडकतात, आणि लोक कॉम्प्रेसरला शिव्या देतात. आमच्या मेकॅनिकने काम संपल्यावर टाकीखालचा नळ उघडला. चहासारखं तांबूस पाणी फरशीवर आलं. मग रॅचेटच्या तोंडात तेलाचे चार थेंब टाकून त्याने लिव्हर एकदा दाबली, स्वतःचं तोंड वळवून. तेलाचा फवारा माझ्या शर्टावर.