घनता वाढली की आवाज वेगाने धावतो?

‘लोखंड हवेपेक्षा घन, म्हणून त्यातून आवाज लवकर पोहोचतो’ हे उत्तर पिढ्यानपिढ्या पाठ केलं जातंय. निरीक्षण बरोबर आहे, कारण साफ चुकीचं.

पारा घ्या. पाण्याच्या साडेतेरा पट जड, तेव्हा त्यात आवाज सुसाट सुटायला हवा. प्रत्यक्षात पाण्यात तो सेकंदाला सुमारे १४८० मीटर जातो आणि पाऱ्यात १४५०! उलट हायड्रोजन हवेहून कितीतरी विरळ, तरी त्यात हा वेग १३०० च्या आसपास. २० अंश सेल्सिअसच्या हवेत जेमतेम ३४३.

खरी ओढाताण दोन गोष्टींची. दाबलेला पदार्थ किती जोराने पूर्ववत होऊ पाहतो, ही ताठरता. आणि त्याचे कण हलवायला किती जड, ही घनता. सूत्रात ताठरतेला घनतेने भागून वर्गमूळ काढतात. म्हणजे घनता छेदात! ती वेगाला मागेच ओढते. पोलाद हवेच्या साधारण साडेसहा हजार पट घन, पण दाबायला दहा लाख पटींहून अधिक कठीण, म्हणून तिथे आवाज वेगवान. शिसं तर पोलादाहूनही जड, पण मऊ. त्यात आवाज पोलादाच्या निम्म्या वेगानेही जात नाही.